पहिल्या पाच वर्षांचं घरभाडं

मागच्या जूनमध्ये एक मुलगी मला तिचं काम दाखवायला आली. मूळची परभणीची. पुण्यात उपयोजित कलेची पदवी घेऊन तिला वर्ष झालं होतं. हातात मोठी फाइल, आणि ती पावसात भिजू नये म्हणून वरून जेवणाच्या टेबलावरच्या प्लास्टिकचा तुकडा दोरीनं बांधलेला. मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांतली चित्रं करतो. या कामाला आता पंचवीस वर्षं होतील, त्यामुळे अशी मुलं येत असतात. तिचं काम चांगलं होतं. वडील एसटीत कंडक्टर आहेत, आणि स्टँडवर बसून तिनं केलेली रेखाटनं मी दोनदा उलटून पाहिली. बाकावर झोपलेल्या माणसाची चपलेबाहेर आलेली बोटं, पैशांच्या चामडी बॅगेचा खांद्यावर झिजून मऊ पडलेला पट्टा. हे पाहणारा डोळा शिकवून येत नाही.

तासभर रेषेवर, कागदावर, कुणाला काम दाखवावं यावर बोललो. निघताना चपला घालता घालता तिनं विचारलं, "सर, तुम्ही पहिली पाच वर्षं कुठे राहायचात?"

"मावशीकडे. शनिवार पेठेत."

"भाडं?"

"नव्हतं."

ती "हं" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

स्वतःची शैली कशी सापडली, पहिलं मुखपृष्ठ कसं मिळालं, कुठला ब्रश वापरता, हे मला अनेकांनी विचारलंय. कुठे राहायचात, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही ते कधी आपणहून सांगितलेलं नाही. कॉलेजांतल्या भाषणांत मी मेहनतीबद्दल बोललो, रात्रीच्या रात्री जागून केलेल्या कामाबद्दल बोललो. ते सगळं खरंच आहे. पण त्या रात्री मी जागत होतो तो मावशीच्या माजघरात, तिच्या विजेवर, सकाळी तिनं केलेली पोळीभाजी खाऊन. पहिली तीन वर्षं माझ्या हातात महिन्याला जे पैसे येत, त्यांत पेठेतली एक खोली मिळाली नसती. मावशी नसती तर मी दुसऱ्या वर्षी सांगलीला परत गेलो असतो, आणि 'त्याच्यात तेवढं नव्हतं' असं लोकांनी म्हटलं असतं. मीही तसंच मानलं असतं.

कॉलेज संपल्यावर कलेत कोण टिकतं आणि कोण गळतं, हे गुणवत्ता ठरवते असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात पहिल्या पाच वर्षांत ते घरभाडं ठरवतं. गुणवत्तेची पाळी त्यानंतर येते, आणि तोपर्यंत निम्मी मुलं चाळणीतून खाली गेलेली असतात. पुण्यात, डोंबिवलीत, ठाण्यात ज्यांच्या आईवडिलांचं घर आहे ती उरतात. परभणीची, गडहिंग्लजची, शहाद्याची मुलं परत जातात. म्हणजे उद्याची मराठी चित्रं, नाटकं, मालिका कोण करणार आणि त्यांत कुठलं आयुष्य दिसणार, हे आज कुणाच्या डोक्यावर फुकटचं छप्पर आहे त्यावर ठरतंय. हा प्रश्न त्या मुलांच्या जिद्दीचा राहत नाही, आपल्या सगळ्यांचा होतो.

तिचा हिशेब तिनं मला आधीच सांगितला होता, तक्रार म्हणून नव्हे, बोलण्याच्या ओघात. कर्वेनगरला कॉट बेसिसवर महिना ६,५०० रुपये. एका खोलीत चौघी, टेबल नाही, त्यामुळे चित्रं कॉटवर ड्रॉइंग बोर्ड ठेवून, बाकीच्या झोपल्या की मोबाइलच्या उजेडात. डबा ३,२००. फोन, बस, रंग, प्रिंट काढणं धरून १३,००० च्या खाली महिना जात नाही. मिळकत अशी : एका मिठाईच्या दुकानासाठी सणावारांच्या पोस्ट, एकीचे ३००. लग्नपत्रिकेवर नवरानवरीचं चित्र, १,५००. एका दिवाळी अंकात तीन चित्रं, त्यांचे पैसे 'अंक निघाल्यावर'. अंक निघून आठ महिने झाले होते. दर महिन्याला वडील ५,००० पाठवतात. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी हे पैसे येणार नाहीत, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, पण ठाऊक आहे.

नाटकातल्या मुलांचं चित्र याहून वेगळं नाही. कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मीही कॉलेजसाठी तिथे नेपथ्याचे फ्लॅट रंगवलेत, आणि रात्री दोन वाजता पार्किंगमध्ये बसून खळ शिजवताना जो आनंद झाला तो नंतरच्या कुठल्या पुरस्कारानं दिला नाही. मुंबईत सवाई एकांकिका स्पर्धेसाठी २५ जानेवारीची सबंध रात्र प्रेक्षक जागतात. स्पर्धांचं हे जाळं मराठीत आहे तसं फार थोड्या भाषांत असेल. पण करंडक उचलणाऱ्या मुलाला त्यानंतर काय आहे? मालिकेत काम हवं तर वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगा, गोरेगावच्या फिल्मसिटीत नाहीतर घोडबंदर रोडला शूटिंग, सकाळी सातचा कॉल, आणि 'पर डे' ठरलेले पैसे सर्रास नव्वद दिवसांनी. व्यावसायिक नाटकात पैसे नाइटवर मिळतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काही नाही. तालमीचे तीस-चाळीस दिवस बहुतेक ठिकाणी हिशेबात धरलेच जात नाहीत. नव्वद दिवस थांबणं ज्याला परवडतं तोच त्या रांगेत टिकतो.

इथे माझ्या पिढीतले आणि आमच्या आधीचे लोक म्हणतात, "मग नोकरी करा की. आम्ही नाही केली?" म्हणणं खोटं नाही. आपल्याकडची फार मोठी कला नोकरी सांभाळून झालेली आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि पूर्णवेळ अभिनयाकडे वळले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. नाटककार सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचं काम करायचे, अभिनेते मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. वसंत सरवटे ए.सी.सी. या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि मराठीतली उत्तमातली उत्तम व्यंगचित्रं त्यांनी त्या नोकरीच्या जोडीनं काढली. दादरच्या छबिलदास शाळेत सत्तरच्या दशकात जी प्रायोगिक नाटकाची चळवळ उभी राहिली, ती बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या आणि कॉलेजांतल्या नोकरदारांच्या जिवावर. पाचला ऑफिस सुटायचं, साडेसहाला तालीम, दहाच्या लोकलनं घरी. कामगार कल्याणच्या, बँकांच्या, बेस्टच्या नाट्यस्पर्धा त्याच वेळापत्रकावर चालल्या.

पण त्या व्यवस्थेचे तीन खांब होते. पाचला सुटणारी कायम नोकरी, त्या पगारात परवडणारं घर, आणि स्टेशनजवळ स्वस्तात मिळणारी तालमीची जागा. आज बावीस वर्षांच्या मुलाला यातलं काय मिळतं? खासगी नोकरी दहा-बारा तासांची, कंत्राटी, आणि घरी आल्यावरही फोनवर चालू राहणारी. बँकेतल्या कारकुनाच्या जागेसाठी लाखोंची परीक्षा. चित्रकारांचा जुना हक्काचा आसरा शाळेतली कलाशिक्षकाची जागा हा होता, आणि एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका करून वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहणारी माणसं मी ओळखतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांकडे पाहून, पण चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक असलेली शाळा आता शोधावी लागते. गोव्यात शाळांमध्ये नाट्यशिक्षक नेमले गेले. महाराष्ट्रात, स्पर्धांच्या या माहेरघरात, आपण ते केलं नाही. नाटक शिकलेल्या मुलाला आपल्याच तालुक्यात पगार मिळवून नाटक करता येईल, असा तो एक सरळ रस्ता होता. तेव्हा 'आम्ही केलं, तुम्ही करा' म्हणताना, आपण ज्या शिडीनं चढलो ती आता तिथे नाही, एवढं तरी पाहावं.

आणि उरलेल्या शिडीच्या खालच्या पायऱ्याही निघताहेत. तीनशे रुपयांच्या सणावारांच्या पोस्ट, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानाचं बोधचिन्ह, ही कामं छोटी असली तरी त्यांवर हात बसायचा आणि डब्याचे पैसे सुटायचे. आता दुकानदार मोबाइलवर दोन ओळी लिहितो आणि एआय त्याला मोदकाचं चित्र काढून देतं. त्या मिठाईवाल्यानं दिवाळीच्या आतच तिचं काम बंद केलं. मी त्याला दोष देणार नाही. पण मोठी कामं अनुभव मागतात आणि अनुभव देणारी कामं यंत्राकडे गेली, तर शिकायचं कुठे, याचं उत्तर कला महाविद्यालयांनी द्यायला हवं. सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून उभं आहे. एवढी परंपरा पाठीशी असलेल्या राज्यात हे उत्तर शोधणं जड जाऊ नये.

आता पैशांबद्दल. इथे मला राग येतो.

आपण कलाकाराला देतो त्याला 'मानधन' म्हणतो. नळ दुरुस्त करणाऱ्याला मजुरी, वकिलाला फी, शिक्षकाला पगार, आणि चित्रकाराला, निवेदिकेला, तबलजीला मानधन. या शब्दात मान आधी आला आणि त्यानं धनाचं तोंड बंद केलं. मानधन किती हे विचारायचं नसतं. ते कमी आहे म्हणायचं नसतं. ते उशिरा आलं तर आठवण करायची नसते. ते पाकिटात घालून, शाल-श्रीफळाबरोबर, फोटो काढत दिलं जातं आणि पाकीट घरी येऊन उघडायचं असतं. मी तेवीस वर्षांचा असताना एका संस्थेच्या महोत्सवासाठी दोन महिने काम केलं होतं. पोस्टर, पत्रिका, स्मरणिका, मंचामागचा पडदा. शेवटच्या दिवशी मला शाल मिळाली. ती मावशीनं बरीच वर्षं वापरली. पैशांचं विचारायला गेलो तेव्हा ज्येष्ठ कार्यकर्ते प्रेमानं म्हणाले, "अरे, नाव झालं ना तुझं!" ते खरंच प्रेमानं म्हणाले होते. मंडपवाल्याचे, छापखान्याचे आणि चहावाल्याचे पैसे मात्र त्याच आठवड्यात चुकते झाले होते.

ती माणसं वाईट नव्हती. आपण मराठी मध्यमवर्ग कलेवर मनापासून प्रेम करणारा आहे, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या रांगेत उभा राहणारा आहे. पण तरुण कलाकाराच्या कामाला किंमत असते हे आपल्या व्यवहारात उतरलेलं नाही. म्हणून माझा पहिला आग्रह सांस्कृतिक संस्था, प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, गणेश मंडळं यांच्याकडे आहे, आणि तो साधा आहे : काम सांगतानाच रक्कम सांगा, आणि ती काम हातात आल्यावर द्या. अंक निघाल्यावर, कार्यक्रम झाल्यावर, जाहिरातींचे पैसे आल्यावर नको. जाहिरातींच्या वसुलीची जोखीम संपादकाची असते. कर्वेनगरच्या कॉटवर बसलेल्या मुलीनं ती का उचलायची? दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची. ती मला प्राणप्रिय आहे, माझा हात तिच्यावरच घडला. तिच्या नावाखाली फुकट चित्रं घेतली जाताना गप्प बसणं मला आता जमत नाही. मजकुराला पैसे नसतील तर पानं कमी करावीत.

दुसरा आग्रह कॉलेजांकडे. चार वर्षं रंगसंगती, मुद्राक्षरं, रचना शिकवता, त्यात एक सत्र बिल करायला शिकवा. हे हलकं काम नाही, आणि यात कायदा बऱ्यापैकी मुलांच्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत, ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि राज्यातल्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठीची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, आणि एकटीनं काम करणारी चित्रकारही ती करू शकते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात तरतूद आहे की अशा छोट्या पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत धंदेवाल्याला तो खर्च वजा दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की हिशेबनीस स्वतः मालकाला आठवण करतो, हे मी पाहिलंय.

कॉपीराइटचं तर न शिकवणं म्हणजे मुलांना अंधारात ढकलणं आहे. १९५७ चा कायदा सांगतो की पैसे देऊन कुणी चित्र किंवा छायाचित्र काढवून घेतलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्याचा पहिला मालक पैसे देऊन काढवून घेणारा. म्हणजे करारात एक ओळ लिहिली नाही, तर चित्र गेलं. लेखकाचं उलट आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं नसेल, तर संहिता त्याची. आणि हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. एकांकिका लिहिणाऱ्या किती मुलांना हे माहीत आहे? हक्क विकल्यावरही आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो, हे किती चित्रकारांना? चारपाच वाक्यांचं हे ज्ञान मला चाळिशीत, तेही एक मुखपृष्ठ तीन आवृत्त्यांत वापरलं गेल्यावर मिळालं.

तिसरं सरकारचं. राज्यात ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना आहे आणि ती हवीच. म्हाताऱ्या शाहिरानं, तमाशातल्या कलावंतिणीनं औषधासाठी हात पसरावा, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. पण सुरुवातीच्या टोकाला काय? केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये. सबंध देशासाठी ती काही शेकड्यांत आहे, आणि पाच हजारांत पुण्यात कॉटही येत नाही. मी रोख रकमेपेक्षा जागा मागेन. जिल्ह्याजिल्ह्यांत नाट्यगृहं बांधली जातात, त्यांच्या आवारात दहा-बारा खोल्यांचं वसतिगृह आणि रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी एक तालमीची खोली असू दे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे कला पदवीधरांसाठी तीन वर्षांच्या बोलीवर परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या असू देत. छबिलदासनं काय दिलं? एक शाळेचा हॉल दिला. त्यातून केवढं उभं राहिलं!

यावर विचारलं जातं, आणि विचारणं रास्त आहे : दरवर्षी एवढी मुलं बाहेर पडतात, सगळ्यांना समाजानं का पोसावं? सगळे कलाकार होणार आहेत का? नाही होणार. गळती होणारच आणि व्हायलाही हवी. काहींना तीन वर्षांत कळेल की आपला जीव यात नाही, आणि ते आनंदानं दुसरीकडे जातील. मला हवंय ते एवढंच की त्यांना ते काम करून पाहून कळावं, घरमालकानं सांगून नव्हे. 'संघर्षातूनच कला घडते' हे वाक्य माझ्यापुढे कुणी टाकलं, तर मी त्याला तो संघर्ष कुठला ते विचारतो. कोऱ्या कागदाशी झगडा असतो, तो जन्मभर पुरतो आणि घडवतो. बुडवलेल्या दोन हजारांसाठी सात वेळा फोन करणं माणसाला फक्त झिजवतं.

मुलांनाही मला एक सांगायचंय. नोकरी धरलीत तर त्याला हार समजू नका. अर्धवेळ मिळाली तर उत्तम. आपली कला पोसणारी दुसरी कमाई असणं यात कमीपणा नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांना कुणी कमी मानत नाही. आणि फुकट काम करायचंच असेल, तर ते स्वतःच्या मित्रांच्या नाटकासाठी करा, जिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत. ज्या ठिकाणी मंडपवाल्याला पैसे मिळतात, तिथे तुम्हालाही मिळाले पाहिजेत.

ती मुलगी डिसेंबरात पुन्हा आली. एका छोट्या प्रकाशनाकडून मुलांच्या पुस्तकाचं काम मिळालं होतं, चोवीस पानं, सगळी चित्रं. करार वाचून दाखवायला आली होती. आम्ही दोघांनी मिळून दोन ओळी घातल्या : मूळ चित्रं आणि त्यांचे हक्क चित्रकाराकडे राहतील, आणि दुसऱ्या आवृत्तीचे वेगळे पैसे. प्रकाशकानं एकदा खोडलं, तिनं पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला त्यानं सही केली, आणि वर तीस टक्के आगाऊ दिले. तो माणूस नवा होता, त्यालाही हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं.

मग उद्यम नोंदणी करायला आम्ही माझ्या कॉम्प्युटरवर बसलो. आधार, पॅन, बँक खातं, सगळं तिच्याकडे होतं. पत्त्याच्या रकान्याशी ती थांबली. कॉट बेसिसवर भाडेकरार मिळत नाही, आणि मालकीणबाईंनी आपला पत्ता कुठे द्यायचा नाही असं बजावून ठेवलंय. तिनं वडिलांना फोन लावला. ते ड्युटीवर होते, मागे गाडीचा आवाज येत होता. "दे की इथलाच," ते म्हणाले. तिच्या बिलावर आता तिचं नाव आहे, खाली 'चित्रकार', आणि त्याखाली परभणीचा पत्ता.